ज्वारीच्या लाह्यांचा मलिदा

मिल्काबाई तळकर जिंतुरात 'सिस्टरबाई' म्हणूनच ओळखल्या जात. चारठाण्याच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बाळंतपणं केली. गावोगावच्या चाळिशीतल्या बाप्यांना त्या आजही दरडावत, "तुला उलटा धरून मीच रडवलाय, आवाज खाली!" घर ज्यूंचं, सबंध तालुक्यात एकच. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि शनिवारी चूल बंद. शेजारच्या केवळाबाई म्हणत, "सिस्टरबाईच्या चुलीला बी हप्त्याची सुट्टी हाय."

त्यांची नात याएल. आई गेल्यापासून आजीनंच वाढवलेली. तिचं लग्न ठाण्याच्या रूबेन दिवेकरशी ठरलं होतं आणि त्याआधी आजीच्या घरी मलिदा व्हायचा होता. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी खायचं. शुभकार्याआधी हा त्यांच्या समाजात घरोघर होतो. या घरात मात्र पोह्यांच्या जागी ज्वारीच्या लाह्या असत. मिल्काबाईंच्या सासूबाईंच्या सासूबाई इथं आल्या तेव्हा तांदूळ दृष्टीला पडत नसे. त्यांनी लाह्या घेतल्या. अडचण होती, ती पुढं रीत झाली.

रविवारी सकाळी रूबेनचे थोरले काका, एझ्रा दिवेकर, गाडी करून आले. ते दोन वर्षं परदेशात धर्मशास्त्र शिकून आले होते आणि ते शिकणं त्यांच्या ताठ मानेत दिसायचं. त्यांनी मलिद्यासाठी मांडलेली लाह्यांची परात पाहिली, पिशवीतून दोन किलो पोह्यांचा पुडा काढला आणि ओट्यावर आदळला.

"इथे पोहे नसतात हे मला रूबेननं सांगितलं होतं, म्हणून घेऊनच आलो."

"पोहे जिंतुरातही मिळतात, एझ्राभाऊ. दुकान दाखवू का?"

"मग हे काय? या तर नागपंचमीच्या लाह्या! नागोबाचा नैवेद्य एलियाहूपुढे मांडता?"

"लाह्या नागोबाच्या नसतात, ज्वारीच्या असतात," मिल्काबाई म्हणाल्या. "माझ्या कढईत, माझ्या हातानं फोडल्यात."

दारात बसलेल्या केवळाबाई पदराआड हसल्या. एझ्राभाऊंचा चेहरा तांबडा झाला.

"तांदळावर कोणती प्रार्थना म्हणायची ते ठरलेलं आहे. ज्वारीवर कोणती म्हणता?"

"सासूबाई म्हणायच्या तीच."

"सासूबाई म्हणजे धर्मग्रंथ नव्हे!"

"तुमच्या डोक्यावरची टोपी कोणत्या आज्ञेत आहे, भाऊ?"

एझ्राभाऊंचा हात नकळत टोपीकडे गेला.

"लोक घालत आले, घालत आले, आणि तिचा नियम झाला," मिल्काबाई थांबल्या नाहीत. "पोथी गप्प असेल तिथं लोक काय करतात ते बघावं, हे आपल्याच पंडितांनी सांगून ठेवलंय. माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलंय ते."

"लोक!" एझ्राभाऊ थंडपणे हसले. "बरोबर बोललात. पण तुमचे लोक कुठे आहेत? इथे तुमचं एक घर. टोपी लाखोंनी घातली. एका घराच्या खोडीला रूढी म्हणत नाहीत, मिल्काबाई."

घाव मिल्काबाईंच्या वर्मी बसला. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष या गावात कधीच जमले नव्हते. म्हणून या घरात बायकाच प्रार्थना वाचत. तेही त्यांना आत्ता आठवलं, पण तीही एका घराचीच खोडी ठरली असती, म्हणून तेही सांगायची सोय राहिली नाही.

"परात आत न्या. पोह्यांचा मलिदा करा," एझ्राभाऊ म्हणाले. "नाहीतर लग्नाची तारीख विसरा."

लग्नं मानपानावरून मोडलेली मिल्काबाईंनी पुष्कळ पाहिली होती. हे ज्वारीवरून मोडायला आलं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. पोरीच्या संसारापुढं लाह्या त्या काय! त्यांनी परातीला हात घातला.

याएलनं तो हात धरला.

"राहू दे, आजी. काका, मी ठाण्यातही लाह्यांचाच मलिदा करणार. मग घरं दोन होतील."

"माझ्या घरात?"

"माझ्या घरात. आम्ही भाड्यानं घेतलंय."

तिनं तिथंच रूबेनला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, लग्न ठरल्या दिवशीच होईल. तुम्ही या. नाही आलात तर वाईट वाटेल, पण होईल."

एझ्राभाऊ घोटभर पाणीही न पिता उठले. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाले, "तुमच्या हातचं मी खाणार नाही. इथंही नाही, तिथंही नाही."

"तुम्हाला वाढलं कुणी होतं?" मिल्काबाईंनी विचारलं.

गाडी गेली. केवळाबाई पुटपुटल्या, "लय तिखट माणूस!" पण मिल्काबाई हसल्या नाहीत. त्या माणसाचं बोलणं त्यांना खोटं वाटत नव्हतं, म्हणून तर राग आला होता. तो निघाला नातीवर.

"दोन घरं म्हणालीस ना? मग बस इथं. गूळ किती, खोबरं किती, कुठल्या फळावर काय म्हणायचं, पाठ करायचं. आजपर्यंत नुसतं खात आलीस. चुकलीस तर त्या माणसाचं खरं होईल."

याएल पाटावर बसली. पहिल्याच ओळीला ती चुकली.

"पुन्हा," मिल्काबाई म्हणाल्या.