चौथ्या दिवशी सुटणारं नेट

ही गोष्ट मी बरेच दिवस टाळली. बोलणं त्या बाजूला वळायला लागलं की मी चूळ भरायच्या निमित्तानं उठायचो. अक्काच्या वर्षश्राद्धाला मात्र उठता आलं नाही. पंगत बसली होती आणि माझ्या पुढ्यात पान होतं. अक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, वाढता वाढता कौतुकानं सांगत होती की आई इतकी काटकसरी, गाणीसुद्धा चौथ्या दिवशीच ऐकायची. लोक हसले. मीही मान डोलावली आणि वरण मागितलं.

ती काटकसर अक्काची नव्हती. ती मी तिच्या गळ्यात बांधलेली होती. आता माझीही पंचाहत्तरी उलटली आहे. लिहून ठेवलं नाही तर हे खोटंच खरं म्हणून मागे राहील.

अक्का माझी थोरली बहीण. लातूरला दिलेली. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, आणि तिकडे लेकीच्या घराचं बांधकाम निघालं, म्हणून आठ-नऊ महिन्यांसाठी ती माझ्याकडे नांदेडला आली. घरात मी एकटाच होतो. पुण्याच्या मुलाला माझं तोंड दिसावं म्हणून त्यानं वायफाय बसवून दिलं होतं. राउटर लहानसा, साबणाच्या डबीएवढा. टीव्हीच्या फळीवर कोपऱ्यात पडलेला असायचा. त्याच्या शेजारी भाचीनं आईसाठी एक गोल स्पीकर आणून ठेवला. गाणं तोंडानं सांगायचं, की तो लावायचा.

स्पीकरमधून बाईचा आवाज यायचा, म्हणून अक्का त्याला बाईच म्हणायची. बाईला अक्काची बोली समजत नसे. दोन-तीनदा सांगावं लागे. अक्का म्हणायची, मला दिसंना, हिला ऐकू येईना, बरी जोडी जमली.

अक्काची सासू उदगीरकडची. भाकरी थापताना ती कानडी भजनं म्हणायची. सासू गेल्यावर अक्कानं ती कुठंच ऐकली नव्हती. एकदा भेटायला आलेल्या भाचीनं आपल्या फोनवरून शोधून त्यातलं एक स्पीकरवर लावून दिलं, तेव्हा अक्का सुपात शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले. भजन संपेपर्यंत ते तसेच सुपात राहिले. मग म्हणाली, "सासूबाईचं हाय हे." त्या दिवशी तिनं ते पाच वेळा लावायला सांगितलं. शब्द सगळे कळत नव्हते, पण पुढची ओळ कोणती येणार हे तिला आधीच ठाऊक असायचं.

मला दुपारी जेवून झोपायची सवय. दुपारभर ती भजनं चालायची. थोरल्या बहिणीला बंद कर म्हणायला जीभ रेटेना. म्हणून एका दुपारी मी गुपचूप राउटरची पिन काढली. भजन मध्येच तुटलं. काय झालं म्हणून तिनं विचारलं. नेट गेलं म्हणालो आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, तेव्हा मी चेष्टेनं म्हणालो, "अक्का, तुझ्या लातूरच्या नळासारखं झालंय बघ. नेट आता चौथ्या दिवशी सोडतात."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. जिच्या नळाला उन्हाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस पाणी आलं नाही, तिला यात चेष्टा कुठं दिसणार? तिनं मान हलवली. "तरी बरं, चौथ्या दिवशी तरी सोडतेत," एवढंच म्हणाली. चेष्टा केली म्हणून सांगायला मला तेव्हा एक क्षण पुरला असता. पण दुपारची झोप डोळ्यांवर आली होती.

मग मी तेच चालू ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी पिन लावायची आणि संध्याकाळी काढायची. मधल्या दिवसांत मुलाशी बोलायचं असलं की ती आंघोळीला गेल्यावर पिन लावायची. राउटरचा हिरवा दिवा तिला दिसत नव्हता, पण तिनं दुसरी युक्ती काढली होती. डबीवर तळहात ठेवायचा. कोमट लागली की नेट सुटलं. एकदा आंघोळीहून लवकर येऊन तिनं हात ठेवला, तर डबी कोमट. "भाऊ, आज सोडलं का रे मधीच?" मी म्हणालो, नुसती लाईट आहे, नेट नाही. तिनं लगेच मान्य केलं.

नेट सुटायच्या दिवशी ती वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून स्पीकरपुढं बसायची. एकदा तिनं विचारलं, "हे भरून ठेवता येत न्हाई का रे? पाण्यासारखं?"

येतं. गाणी उतरवून ठेवता येतात, हे मला माहीत होतं. मी नाही म्हणालो. मग ती एकेक ओळ पाठ करायला लागली. मधले तीन दिवस तेच पुटपुटायची, आणि माझ्या खाटेचा आवाज आला की गप्प व्हायची.

बांधकाम संपलं आणि ती लातूरला गेली. मला वाटलं, तिथं गेल्यावर सगळं आपोआप मिटेल. पुढं भाचीनं फोनवर सांगितलं की आमच्याकडं नेट कायम असतं असं हजारदा सांगूनही आई ऐकत नाही. असलं म्हणून काय झालं, आपण जास्त घेतलं की दुसऱ्याचं तुटतं, असं म्हणते.

त्या फोननंतर महिनाभरानं मी एसटीनं लातूरला निघालो, हेच सांगायला. लोहा सोडल्यापासून वाक्य मनात घोळवत होतो. चाकूरजवळ आठवलं, मॅट्रिकची दोन वर्षं मी अक्काच्या घरी राहून काढली. माझा अभ्यास मोडू नये म्हणून तिनं दोन्ही वर्षं रेडिओला हात लावला नव्हता. तिच्या सासरी तेवढी एकच करमणूक होती. उतरून परतीची गाडी धरावी, असं वाटलं.

अक्कानं माझा आवाज ओळखला. जेवणं झाल्यावर लेकीला म्हणाली, "भाऊ आलाय. आज दिवस न्हाई, पर लाव. माझ्या वाट्यातलं जाऊ दे. पुढल्या खेपंला मी ऐकत न्हाई."

भाचीनं अक्काच्या सासूचं ते भजन लावलं. अक्का माझ्याकडे तोंड करून बसली होती, मला आवडतंय का याचा कानोसा घेत. भजन संपल्यावर तिनं विचारलं, "नांदेडला आता रोज सोडतेत का रे?"

मी म्हणालो, "नाही अक्का. अजून तसंच आहे."

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्यानंतर तीन महिन्यांनी ती गेली. लोह्यापासून घोळवत नेलेलं वाक्य एवढंच होतं: अक्का, नेट कधीच बंद नव्हतं. पिन मी काढत होतो. माझं चुकलं.