आधी सांगायचं, मग हात लावायचा

रुग्णवाहिकेवर सव्वीस वर्षं काढून मास्तर आता त्याच कामाचं शिक्षण देत होते. वर्गात त्यांचा एकच हेका: आधी सांगायचं, मग हात लावायचा. रबरी पुतळ्यालासुद्धा ते स्वतःचं नाव सांगायला लावत. पोरं तोंड दाबून हसत.

"सर, बेशुद्ध माणसाला काय सांगायचं?" वर्गातली सुसाट विचारायची. हात भराभर चालायचे म्हणून पोरीला ते नाव पडलेलं. काम करताना तोंड मात्र शिवल्यासारखं बंद. त्यापायीच मास्तरांनी तिला एकदा नापास केलं होतं, आणि आज तिची दुसरी, शेवटची परीक्षा होती.

हेक्याचं कारण मास्तरांच्या घरात होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, म्हणजे पोरांच्या काकू, स्वयंपाकघरात कोसळल्या. अर्धं अंग लुळं पडलं. मास्तरांनी स्वतः त्यांना स्ट्रेचरवर बांधून चार मिनिटांत खाली नेलं. एक चूक नाही, पण तोंडातून एक शब्दही नाही. कितीतरी महिन्यांनी काकूंची जीभ जरा वळली, तेव्हा पहिलं पुरं वाक्य आलं ते हे: "तुम्ही बोललाच नाहीत... मला वाटलं, मी गेले." मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हापासून स्ट्रेचर दिसलं तरी काकू अंग चोरायच्या. आणि आता त्याच हटून बसल्या, परीक्षेत रुग्ण मीच होणार! मास्तरांनी परोपरीनं समजावलं. ऐकतील तर त्या काकू कसल्या!

त्या स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. सुसाटनं नाडी पाहिली, पट्टा ओढला. सगळं बिनचूक, सगळं मुक्यानं. काकूंनी डोळे मिटून चांगल्या हाताची मूठ आवळली. परीक्षा गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत मास्तर उठणार, तोच पोरीचे हात थांबले. मूठ तिनंही पाहिली होती.

तिनं पट्टा सैल केला आणि ती गुडघ्यांवर बसली. "काकू, मी पट्टा बांधतेय. घट्ट वाटला तर माझं बोट दाबा." मग स्ट्रेचरचं दुसरं टोक धरलेल्या जोडीदाराला खूण करत, "आता उचलतोय हं. तीन पायऱ्या आहेत. मी तुमच्या उशाशीच आहे."

दुसऱ्या पायरीवर मूठ सुटली.

स्ट्रेचर खाली टेकलं तशी काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "शिका," त्या एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "जरा... हिच्याकडून."

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, पण समोरचा गुणांचा कागद त्यांना धड दिसेना. तो तसाच ठेवून ते स्ट्रेचरपाशी जाऊन बसले.

"मी आहे गं," ते म्हणाले. "आता पट्टा सोडतोय."