पुरुषभर पंख

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे ‘शेपूट’ म्हणतात. आईचं शेपूट. माणूस पन्नाशीचा, उंचीने जेमतेम पाच फूट. आईला दवाखान्यात न्यायचं असलं की दुकानाला कुलूप. लग्न जमलं नाही त्याचं कारणही लोक तेच सांगत. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

त्याच्या आईला मात्र ते लागायचं. “माझ्यापायी पोराचं आयुष्य अडलं,” म्हणत तिने लेकीकडे कायमचं जायचं ठरवलं. बोचकं बांधून झालं, शनिवारची गाडीही ठरली. शेपूट मान खाली घालून मशीन मारत राहिला.

मी शाळेत शास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात प्रदर्शनासाठी त्याच्याकडून खऱ्या मापाचा कापडी ऑर्का, म्हणजे काळापांढरा शिकारी देवमासा, शिवून घेत होते. मापं तोंडीच सांगितली: नर, लांबी आठ मीटर, पाठीवरचा पंख पुरुषभर उंच. दुकानात मावेना म्हणून त्याने काळंपांढरं कापड अंगणात अंथरलं आणि गुडघ्यांवर रांगत खडूने आखलं. भरायला चिंध्या कमी पडल्या, तर म्हणाला, “बघतो मी, बाई.”

शुक्रवारी ऑर्का सभागृहात उभा केला आणि मी कपाळावर हात मारला. सहा फुटी हवा तो पंख पाचच फूट!

“अहो मास्तर, पुरुषभर सांगितलं होतं ना?”

“मग? मी काय पुरुष नाही? भिंतीला पाठ लावून स्वतःलाच मापलं.”

मुलं खो खो हसली. पहिल्या खुर्चीत बसलेली त्याची आईसुद्धा.

“असू दे,” मी म्हटलं, “नराचा पंख वयात येताना वाढतो. हा अजून पोरसवदा आहे.” मग मुलांना सांगितलं, पुरता वाढला की वजन सहा टन, थेट हत्तीएवढं. वेग असा की स्कूटर मागे पडेल. “आणि काही समुद्रांत एवढा धिप्पाड नर जन्मभर आईच्याच कळपात राहतो.”

“जन्मभर?” म्हातारीने विचारलं. “कुणी नावं ठेवत नाही?”

“कोण ठेवणार, आजी? सहा टनांचा आहे तो.”

म्हातारी उठली. पंखावरून हात फिरवत लेकाला म्हणाली, “घरी गेल्यावर माझं बोचकं सोड.”

“कुठलं बोचकं? चिंध्या कमी पडल्या ना. कालच ह्याच्या पोटात भरलं.”

“मेल्या! मग उद्या मी काय घालून गेले असते?”

“म्हणूनच तर,” शेपूट म्हणाला.