बुधीबाईचा जबाब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी साधी विडीसुद्धा कधी लपवली नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. स्वस्थ बसवत नाही, एवढं खरं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी तालुक्याच्या कचेरीत सर्कल इन्स्पेक्टर होतो. बदलापूरच्या पुढे डोंगराच्या उतारावर मुंबईच्या काही सुखवस्तू मंडळींना बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचे होते. उताराखाली तळं, तळ्याकाठी ठाकरवाडी. तळ्याला पाणी देणाऱ्या जमिनीवर घरं बांधू द्यायची नाहीत, असा जुना हुकूम होता. तेव्हा माझं काम एकच — या उतारावरचं पाणी तळ्यात जातं का, ते बघून लिहायचं. सोपं होतं, नाही?

ऐन वैशाखात गेलो. रान करपलेलं, ओढ्यात नुसते धोंडे. वाडीतले बाप्ये उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात गवंड्यांच्या हाताखाली गेलेले. घरी सापडली बुधीबाई — पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ. अनवाणी पुढे चालत तिने मला अख्खा उतार दाखवला. मी बूट घालून धापा टाकत होतो, तर हसली. मग एका करवंदीच्या जाळीपाशी थांबली. गेल्या पावसाळ्यातला पाचोळा, काटक्या, गवत जाळीत अडकून वाळलं होतं.

"बगा सायेब, समदा कचरा तळ्याकडं तोंड करून बसलाय. पानी दुसरीकडं जाईल कसं? आन् वर घरं झाली, तर त्यांची घान आमच्या हंड्यात येल."

मला दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग? साहेबांनी दम दिला होता, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. साहेब सकाळी एवढंच म्हणाले होते, "फार लांबवू नका." बाकीचं मीच ओळखलं. कचेरीत माझ्या वरची जागा रिकामी होणार होती, आणि वाकडा अहवाल लिहून विकतचं दुखणं कोण घेतो? निर्वासितांची दाटी बघता घरं हवीतच, अशीही मनाची समजूत घातली. पण बंगले मागणारे कुठे कॅम्पातले होते? तेही मला ठाऊक होतं.

तिच्या पडवीत बसून मी तिचा जबाब लिहिला. ती बोलत होती — तळ्याबद्दल, ओढ्याबद्दल, कुठल्या पावसात पाणी कुठवर चढलं त्याबद्दल. मान डोलवत मी लिहीत होतो — 'सदर जमिनीचा उतार तळ्याच्या उलट दिशेस आहे. घरे होण्यास आमची हरकत नाही.' शेवटी आमच्या खात्यात ठरलेली ओळ असते, तीही लिहिली — 'जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.' वाचून दाखवला नाही. कसा दाखवणार होतो? तिचा अंगठा मी माझ्या हाताने धरून शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. तिने तो पदराला पुसला आणि विचारला एकच प्रश्न, "नीट लिवलं ना?"

मला ती वरची जागा मिळाली. बंगले झाले, संडासाचे खड्डे झाले. दुसऱ्या पावसाळ्यात तळ्याला वास येऊ लागला आणि वाडीने ते पाणी प्यायचं सोडलं.

चारेक वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या वाटेने जात होतो. नदीवरून हंडे घेऊन बायका येत होत्या. त्यांत ती. चांगली वाकली होती. तिने मला ओळखलं — मी रस्ता ओलांडायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओळखलं. हंडा खाली ठेवून कमरेवर हात देत म्हणाली,

"सायेब, तुमी तवा माजं समदं बराबर लिवून नेलंत. वरच्यांनी ऐकलं नाय, त्याला तुमी तरी काय करनार? मी वाडीत समद्यांना तसंच सांगते."

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. कुणी माझ्याकडून काही मागत नव्हतं. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते.

मी म्हणालो, "हो बाई, लिहिलं होतं."