उदमांजराची कापलेली कड

डोंबिवलीतली ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी आटोपत होती. प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक फ्रेम केलेलं चित्र छातीशी धरून आत आले.

"हे माझं चित्र नाही. फ्रेमवाल्यानं बदललंय."

चित्र उदमांजराचं होतं. प्राध्यापक प्राण्यांची छापचित्रं जमवत. चौकशीला घरी गेलो तेव्हा त्यांनी मला एचिंगमधला ससा दाखवला, आम्लानं कोरलेल्या रेषांचा. उदमांजर मात्र मेझोटिंट. त्यात तांब्याचा सगळा पत्रा आधी खरबरीत करतात, छाप पूर्ण काळा उठेल असा. मग घासून घासून त्या काळ्यातून उजेड काढतात. त्यांच्या धाकट्या भावाचं ते शेवटचं काम. भाऊ आता हयात नव्हता. चित्राभोवती पत्र्याचा दाब उमटलेला होता, खाली भावाची पेन्सिलीतली सही होती. आता दोन्ही गायब होती.

खबऱ्याकडून कळलं, फ्रेमवाला ठाणे शहरातल्या जुन्या वस्तूंच्या एका दलालाकडे जातो. फ्रेमवाल्याला चौकशीला बोलावलं.

"साहेब, त्या मांजराचं मी काय करू? लोक माझ्याकडं देवाचे नि लग्नाचे फोटो आणतात. दलालाकडनं जुन्या काचा घेतो, बस."

"मग सही कुठं गेली?"

"कसली सही? आणलं तसं लावलं."

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "मांजराची ओळखपरेड घ्यायची का?"

फ्रेमवाला मात्र रडवेला झाला. "पोरीचं लग्न ठरलंय हो. चोर म्हणून नाव झालं तर मोडेल."

दरडावल्यावर माणूस बोलतो, पण हाताला काम दिलं की जास्त बोलतो, हा माझा अनुभव. त्याला दुकानात नेलं आणि एक जुनं चित्र फ्रेम करायला दिलं. त्यानं तयार फ्रेम वर ठेवून माप घेतलं आणि चारी बाजूंचा कोरा कागद सरळ कापून टाकला.

"हे का कापलंस?"

"मोकळाच कागद साहेब. मापात बसवायला..." तो थांबला. चेहरा उतरला. "मांजराचा पण कापला. जाड होता, फेकवेना. कळव्याच्या एका लग्नाच्या फोटोमागं टेकू म्हणून घातला."

कळव्याला जाऊन पंचांसमोर त्या फोटोची पाठ उघडली. कागदाच्या पट्टीवर सही शाबूत होती.

प्राध्यापकांनी ती पट्टी चित्राच्या खालच्या कडेला लावून पाहिली; कडा जुळल्या.

"काका, पेन्सिलीचं होतं ते. माझं लक्षच गेलं नाही," फ्रेमवाला हात जोडून म्हणाला.

"इन्स्पेक्टर, चोरी झाली नाही असं स्पष्ट लिहा," प्राध्यापक म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "आता हे खाली जोडून दे. आणि आता काही कापू नकोस रे बाबा."

त्यानं ती जपून जोडली. सांध्याची रेघ मात्र दिसत राहिली.

नोकरीत मी पुष्कळ चोर पकडले. इथे चोर नव्हताच. नुकसान मात्र खरं होतं. जिवाभावाचं काही गेलं की माणसाला आधी कुणीतरी दोषी हवा असतो. पत्नी गेली तेव्हा मीही दवाखान्याचे कागद पसरून बसलो होतो, कुणाचं चुकलं ते शोधत. कुणाचंच चुकलं नव्हतं. ती नव्हती, एवढंच.