अम्मीच्या शेजारची खुर्ची

ईदच्या दुसऱ्या दिवशी पौडच्या आमच्या घरी सगळे नातेवाईक जेवायला येतात. दरवर्षी जमिनीवर दस्तरखान अंथरून पंगत बसते, पण आता निम्म्या पाहुण्यांचे गुडघे धरलेत. म्हणून यंदा अम्मीने मांडववाल्याकडून टेबलं-खुर्च्या मागवल्या. सजावट माझ्याकडे होती. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात सणासुदीला टेबलं सजवायची स्पर्धा असते, तिथे मी जाड कागदाची उभी राहणारी चंद्रकोर करायला शिकले होते. प्रत्येक ताटापुढे एक कोर आणि तिच्यावर पाहुण्याचं नाव, असं ठरवलं.

सकाळी अम्मी आणि मी अंगणातल्या खाटेवर बसलो. मी कापत होते, ती हिरवा घोटीव कागद चिकटवत होती. बोटांना लागलेली खळ ओढणीला पुसू नको म्हणून मी तिला दोनदा टोकलं. भाऊ टेबलांवर चादरी घालत होता.

"झालं ना सगळ्यांचं?" मी विचारलं.

"एक ऱ्हायलंय," अम्मी म्हणाली आणि तिने एका पुरुषाचं नाव सांगितलं. आमच्या नात्यात त्या नावाचं कुणीच नाही.

"हे कोण?"

"घोटावड्याचे हायेत. एसटीत कंडक्टर व्हते. त्यांचं ताट माज्या शेजारी लाव."

"तुझ्या शेजारी कशाला?"

"आमी निका करतोय," ती म्हणाली. हातातल्या कोरीची कड तिने नखाने दाबून बसवली.

मी हसले. चेष्टा करतेय असंच वाटलं. तिने मान वर केली, तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं. कात्री चालूच होती, हातातल्या कोरीचे दोन तुकडे होऊन पडले. अब्बा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून अम्मी म्हणजे घर, रोजे, कोंबड्या आणि आम्ही दोघं, असंच मी धरून चालले होते. तिच्या मनात दुसरं काही असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठे भेटले तुला?" एवढंच मला सुचलं.

"डोळ्याच्या आपरेशनला. दोघांच्या बी डोळ्यावर पट्टी. बोलत बसलो. मग फोन करायला लागले."

भावाने हातातली चादर तशीच टाकली. "अम्मी, लोकं काय म्हनतील? या वयात?"

"म्हनू दे. मी तुमाला इचारत न्हाई, सांगतीया."

तो मोटरसायकल काढून निघून गेला. तो गेला त्या रस्त्याकडे बघतच मी पुढची कोर कापली, ती धड जमली नाही. शेवटी तीच वाकडी कोर मी ठेवली आणि तिच्यावर ते नाव लिहिलं.

दुपारी ते आले. ठेंगणे, पांढरा सदरा, हातात खजुराचा डबा. मामी पाण्याचा तांब्या हातात धरून नुसतीच उभी राहिली. त्यांनी सगळ्यांना सलाम केला, आपलं नाव शोधलं आणि अम्मीच्या शेजारी बसले. अम्मीने त्यांना बिर्याणी वाढली. भाऊ जेवायला आलाच नाही.

निकाह पावसाळ्याआधी झाला. भाऊ आला, मागच्या बाजूला बसला आणि न जेवता परतला. अजून तो अम्मीशी मोजकंच बोलतो. ती आता घोटावड्याला राहते.

मागच्या रविवारी मी भूगावच्या माझ्या घरून पहिल्यांदाच न कळवता तिकडे गेले. गाडी लावून दारापाशी पोचले तर आत कुणीतरी बाई मोठमोठ्याने हसत होती. शेजारीण आली असेल, असं वाटून मी बाहेरच थबकले. मग तीच बाई म्हणाली, "अवो, बास करा, पोटात दुखाया लागलं," आणि तो आवाज अम्मीचा होता. एवढ्या वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. कडी वाजवायला उचललेला हात तसाच धरून मी कितीतरी वेळ दारात उभी होते.