लिलाबाईने लेकीला शेतातून काढलं

चोपड्याच्या अलीकडच्या त्या गावात पोरं शेतीला नाक मुरडत होती, तेव्हा लिलाबाईची प्रज्ञा कृषी पदविका घेऊन गावी परत आली. वडील झिपरू जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी खोदलेली विहीर आणि तिच्या पाण्यावरचं अडीच एकर वावर मायलेकींच्या वाट्याला आलेलं.

"माय, माले हाई वावर सोडनं नही," प्रज्ञा आल्या आल्या म्हणाली. लिलाबाईचा ऊर भरून आला. गावात तिने ते चारजणींना सांगितलंही.

पहिली केळी छान निघाली. प्रज्ञा माती तपासून घ्यायची, ठिबकच्या नळ्या स्वतः साफ करायची. शेजारचे पितांबर नाना बांधावर उभे राहून तिला खतांबद्दल विचारायचे. चिकाने तिचे सगळे कपडे काळे झाले, तरी तिला त्याचं काही वाटत नसे.

दुसऱ्या लावणीच्या साली श्रावणात पाऊस हटेचना. सूर्य दिसत नव्हता. एके सकाळी प्रज्ञा एका रोपापाशी बसली ती उठेचना. कोवळ्या पानावर पिवळे पट्टे ओढलेले होते.

"माय, हाई हरण्या शे."

या रोगाला औषध नाही. रोगट झाड कंदासकट उपटायचं, लांब नेऊन पुरायचं, एवढंच हातात असतं. दोघी उपटू लागल्या. आज एका ओळीत, उद्या दुसरीत. आसपासच्या कितीतरी मळ्यांत लोकांनी रोगट झाडं तशीच उभी सोडून दिली होती, तिथला मावा, ती बारीक कीड, रोग घेऊन उडून यायची. प्रज्ञा घरोघर जाऊन विनवत फिरली. लोक हो म्हणायचे. पितांबर नानांनी तर हात जोडले, "पोरी, माणसं कुठून आणू उपटायला?"

दिवाळीपर्यंत निम्मं वावर मोकळं झालं. प्रज्ञाने पुन्हा रोपं आणून लावली. तीही पिवळी पडली.

एका दुपारी लिलाबाई भाकरी घेऊन गेली, तर प्रज्ञा उपटलेल्या रोपाचा पोंगा बोटांनी सोलत होती, एकेक पान उलगडून आत बघत होती. हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. तिचं वय तेवीस. लिलाबाईला तिच्या पाठीत झिपरूची म्हातारपणातली पाठ दिसली. भाकरी बांधावर ठेवून ती तशीच माघारी आली.

त्या आठवड्यात तिने दोन कामं केली. नरडाण्याच्या एका कारखान्यात भाचा आकाश होता, त्याला फोन करून लेकीसाठी जागा विचारली. आणि गावातल्या गिरधरला वावर बटाईने, निम्म्या वाट्यावर कसायला देऊन टाकलं.

"माले इचारं बी नही?" प्रज्ञा म्हणाली.

"नही इचारं. तू जाय."

"मी हाई सगळं सावरलं असतं."

लिलाबाई तिची पिशवी भरू लागली. बोलली असती तर रडली असती, आणि मग पोरगी राहिली असती.

गिरधरने केळी पार मोडून मका पेरला. प्रज्ञा कारखान्यात खोकी भरते. खोली घेतली आहे, नियमित जेवते, अंगाने भरली आहे. आकाश म्हणतो, काम चोख करते.

चौदा एप्रिलच्या जयंतीला ती गावी आली. पांढरी साडी नेसून विहारात गेली, मैत्रिणींशी हसली. सगळं झाल्यावर लिलाबाई म्हणाली, "चाल ना, वावरात फिरी येऊत."

"कसाले?" प्रज्ञाने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं की तिथे कशासाठी जायचं.

लिलाबाई चुलीपाशी गेली आणि पाठ करून तिने चहा ठेवला. लेकीला वाचवलं, असं ती सगळ्यांना सांगते. त्या दिवशी चहा उकळून आटून गेला, तरी ती तशीच पाठमोरी उभी होती.